बेल्ट लावा म्हणणारी स्वतः मात्र उभीच

विचारा की ताईला : वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या अंकात विमानातल्या नोकरीबद्दल चार ओळी लिहिल्या आणि तेव्हापासनं मेसेज थांबेनात. पगार किती, उंची किती लागते हे नेहमीचं होतंच, पण निम्म्या लोकांनी विचारलंय ते एकच, विमान अचानक हादरतं तेव्हा आतल्या क्रूचं, म्हणजे प्रवाशांची देखभाल करणाऱ्या पोरापोरींचं, काय होतं. मी स्वतः बरीच वर्षं केबिन क्रू होते, आता कोल्हापुरातच पोरापोरींना शिकवते, त्यामुळं यावेळचं सगळं सदर या एकाच विषयाला दिलंय. नावं कुणाचीच छापत नाही.

ताई नमस्कार. माझी मुलगी एअर होस्टेस म्हणून लागली, मुंबईला असते. परवा तिच्या आत्यानं व्हॉट्सॲपवर सिंगापूरच्या विमानाचे फोटो पाठवले, मास्क लोंबताहेत, जेवण सगळीकडं सांडलंय, लोकांची डोकी फुटलीत. तेव्हापासनं डोळ्याला डोळा नाही. पोरगी म्हणते आई काही होत नसतं. तुम्ही खरं सांगा, होतं का नाही? – एक आई, राजारामपुरी

काकू, होतं. खोटं कशाला सांगू. पण कसं होतं आणि किती होतं ते समजून घेतलंत तर निम्मी काळजी कमी होईल आणि उरलेली निम्मी योग्य जागी लागेल.

ते फोटो २१ मे २०२४ चे. सिंगापूर एअरलाइन्सचं लंडनहून सिंगापूरला निघालेलं बोइंग ७७७, म्यानमारवर ३७ हजार फुटांवर होतं, लोक नाश्ता करत होते. तपास करणाऱ्यांनी विमानातल्या रेकॉर्डरवरनं जे काढलं ते वाचून मी स्वतः दोन मिनिटं गप्प बसले होते. साधारण अर्ध्या सेकंदात, ०.६ सेकंद म्हणतात ते, विमानाचा जोर वरनं खाली असा उलटला की ज्यांनी बेल्ट लावला नव्हता ते सीटवरनं उचलले गेले, आणि पुढच्या चार सेकंदात तो पुन्हा सुलटा झाला म्हणजे वर गेलेले सगळे खाली आदळले. सगळं मिळून पाचएक सेकंदाचा खेळ. विमान तेवढ्यात खाली आलं ते १७८ फूट, हजारो फूट कोसळलं वगैरे जे फिरतं ते चुकीचं आहे. एक ७३ वर्षांचे प्रवासी गेले, बहुतेक हार्ट ॲटॅकनं, आणि कित्येक जणांच्या मणक्याला, डोक्याला मार लागला. विमान बँकॉकला उतरवलं.

आता यात क्रू कुठं येतो बघा. प्रवासी बसलेला असतो, सांगितलेलं ऐकलं असेल तर बेल्टमध्ये असतो. क्रू उभा असतो, हातात गरम चहाचा जग, पुढं भरलेली ट्रॉली, आणि डोक्यावर हातभर अंतरावर छत. त्यामुळं हादरा एकच असला तरी मार सारखा बसत नाही. अमेरिकेत अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या सरकारी संस्थेनं २०२१ मध्ये यावर मोठा अभ्यास छापला, २००९ ते २०१८ या दहा वर्षांतले तिथल्या एअरलाइन्सचे अपघात घेतले, तर एकूण अपघातांत एक तृतीयांशाहून जास्त टर्ब्युलन्सचे, म्हणजे हवेच्या हादऱ्यांचे, निघाले आणि त्यात गंभीर जखमी झालेल्यांत दर दहातले जवळजवळ आठ जण केबिन क्रू. प्रवाशांपेक्षा क्रू किती कमी असतो ते डोळ्यासमोर आणा आणि मग हा आकडा परत वाचा.

पण दुसरी बाजूपण सांगते, नाहीतर तुम्ही तिला उद्याच घरी बोलवाल. हे गंभीर जखमी दहा वर्षांत मिळून सव्वाशेच्या आसपास आहेत आणि तिकडं रोज हजारो विमानं उडतात. आणि विमान हादऱ्यानं मोडून पडेल ही भीती काढून टाका, आजची विमानं याच्या कितीतरी पट ताण सोसायला बनवलेली असतात, पंख वाकताना दिसतात ते वाकावेत म्हणूनच तसे बनवलेत. मोडतं ते आतलं माणूस. बहुतेक वेळा घोटा, पायाचं हाड, कधी मणका. कारण वर गेलेलं माणूस खाली येतं ते पायावर, आणि तेव्हा जमीन नेमकी वर येत असते.

काकू, तुम्ही तिला "जपून राहा" म्हणता ना, ते म्हणू नका, त्यानं काही होत नाही, ती हो म्हणेल आणि फोन ठेवेल. एवढंच विचारा की सीटबेल्टची खूण लागल्यावर तू किती वेळात बसतेस. उत्तर जर "गॅली (विमानातलं स्वयंपाकघर) आवरून, ट्रॉल्या लावून, मग" असं आलं तर तिच्याशी सावकाश बोला. ट्रॉलीला पायानं ब्रेक लावायचा, गरम जग खाली जमिनीवर ठेवायचा, आणि जवळात जवळ जी सीट मिळेल तिथं बसायचं, प्रवाशाची रिकामी असली तरी चालते. सीटच नसेल तर खाली फतकल मारून सीटचा पाय धरायचा, शेजारच्या प्रवाशांनी तिला दंडाला धरून ठेवायचं. ट्रेनिंगमध्ये हे सगळं शिकवतात. पण ट्रेनिंगमधली मुलगी आणि पाठीमागनं चार लोकांनी बेल वाजवलेली मुलगी यात फरक पडतो, तो तुम्ही आई म्हणून ओळखू शकता.

एक शंका. आज रडारवर पाऊस दिसतो, मोबाईलवर ढग दिसतात. मग एवढ्या महागड्या विमानाला पुढची खराब हवा दिसत कशी नाही? का पायलट बघत नाहीत? – निवृत्त शिक्षक (भूगोल), गडहिंग्लज

सर, भूगोलाचे आहात म्हणून जरा सविस्तर लिहिते, बाकीच्यांनी चहा घेऊन यावं.

विमानाच्या नाकात जे रडार असतं ते हवा बघत नाही, पाणी बघतं. ढगातल्या पावसाच्या थेंबावर लहर आपटून परत येते आणि कॉकपिटमध्ये हिरवा, पिवळा, लाल असा रंग उमटतो. म्हणजे वळवाचा भरलेला ढग असेल तर तो दिसतो आणि पायलट त्याला वळसा घालतात, तुम्ही पाहिलं असेल कधी विमान उगाच एका बाजूला झुकत जातं, ते त्यासाठीच. पण ढग कोरडा असेल, वरच्या भागात नुसते बर्फाचे कण असतील तर रडारला फिकं दिसतं. आणि जिथं ढगच नाही, निरभ्र निळं आकाश आहे, तिथं रडारला काहीच सापडत नाही. त्याला क्लिअर एअर टर्ब्युलन्स म्हणतात आणि क्रूची मोठी फजिती करतो तो हा, कारण बाहेर बघून कुणालाच काही वाटत नाही, लोक उठून टॉयलेटला निघालेले असतात, आम्ही मागं जेवण गरम करत असतो.

हा येतो कुठनं, तर तुम्हीच वर्गात शिकवलेल्या जेट स्ट्रीमच्या कडेनं. तीस-चाळीस हजार फुटांवर वाऱ्याचा जो वेगवान पट्टा असतो त्याच्या शेजारी संथ हवा असते, दोन थरांच्या वेगात मोठा फरक पडला की मधे हवा उलटसुलट होते. डोंगरावरनं वारा ओलांडतानाही पलीकडं हवेच्या लाटा उठतात, त्या डोंगराच्या उंचीपेक्षा कितीतरी वर जातात. आणि वादळी ढग स्वतः लांब असला तरी त्याच्या आजूबाजूला, वर, हवा घुसळलेली असू शकते.

आता एक गोष्ट तुम्हाला पटेल. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की उत्तर अटलांटिकवर, म्हणजे जगातल्या सगळ्यात गर्दीच्या विमानमार्गांपैकी एकावर, १९७९ ते २०२० या काळात तीव्र स्वरूपाचा क्लिअर एअर टर्ब्युलन्स ५५ टक्क्यांनी वाढला, तिथल्या एखाद्या सरासरी ठिकाणी वर्षाला साधारण साडेसतरा तासांवरनं सत्तावीस तासांवर गेला. कारण हवामानबदल, वरच्या थरात वाऱ्याच्या वेगातला फरक वाढतोय. म्हणजे आमच्या पिढीनं जे सोसलं त्यापेक्षा आत्ता ट्रेनिंग घेणाऱ्या पोरींच्या वाट्याला जास्त येणार.

पायलट बघत नाहीत असं नाही हो सर. पुढं गेलेलं विमान मागच्याला रेडिओवर सांगतं की इथं हालतंय, पण हे तोंडी असतं आणि एकाला मध्यम वाटलं ते दुसऱ्याला हलकं वाटतं, छोट्या आणि मोठ्या विमानातही फरक पडतो. म्हणून आता विमानाचे सेन्सर स्वतःच हवेची घुसळण मोजून आकडा पाठवतात आणि तो इतर विमानांनाही दिसतो, आयाटा या एअरलाइन्सच्या जागतिक संघटनेनं २०१८ ला त्यासाठी एक सिस्टीम सुरू केली. ज्या एअरलाइन्स त्यात आहेत त्यांना फायदा होतो. पण पहिलं विमान जाणार ते आंधळंच जाणार.

मी व्यवसायानिमित्त महिन्यातनं चार-पाच वेळा विमानानं फिरतो. मागच्या महिन्यात चहा सांगितला होता, पैसे पण भरले होते, तर विमान जरासं हाललं आणि त्या बाई गाडा ओढत मागं निघून गेल्या, जाऊन चक्क बसल्या. अर्धा तास चहा नाही. लेखी तक्रार केलीय. पैसे घेऊन सर्व्हिस द्यायची नाही हे कुठल्या नियमात बसतं? – एक उद्योजक, इचलकरंजी

दादा, तुमची तक्रार वाचली, आणि मनापासनं सांगते, ती मागं घ्या.

चहाचे पैसे परत मागा, ते तुमचा हक्क आहे, मिळायलाच पाहिजेत. पण बाई बसल्या यावर तक्रार करू नका कारण त्यांनी अगदी बरोबर केलं आणि मला तर वाटतं त्यांना शाबासकी द्यायला पाहिजे होती. तुम्ही ज्याला गाडा म्हणता ती ट्रॉली भरलेली असताना शंभर किलोच्या घरात जाते. विमान खाली गेलं की ती वर उचलली जाते, मग तुमच्या मांडीवर येते. ती ओढत मागं नेताना त्या बाईंचा जीव दोन्ही बाजूंनी धोक्यात होता, चहाचा जग हातात राहिला असता तर तुमचाही.

आपल्याकडचंच उदाहरण देते. १ मे २०२२, मुंबईहून दुर्गापूरला जाणारं स्पाइसजेटचं बोइंग ७३७, उतरत असताना वादळी हवेत सापडलं. १४ प्रवासी आणि ३ केबिन क्रू जखमी झाले. तेवढ्या विमानात क्रू चारच असतो दादा, नियम ५० सीटला एक असा आहे, म्हणजे चारातल्या तिघांना लागलं. नंतर काही महिन्यांनी एका प्रवाशाचा मृत्यूही झाला. आणि समजा तिथंच दरवाजे उघडून लोकांना बाहेर काढायची वेळ आली असती तर ते काम कुणी करायचं होतं, तेच जखमी. क्रू चहासाठी विमानात नसतोच मुळात. दर ५० सीटला एक माणूस हा हिशोब चहाचा नाही, संकटात लोकांना बाहेर काढायचा आहे. चहा ही वरची कामं.

आणि जगभर आता हेच चाललंय. सिंगापूर एअरलाइन्सनं त्या घटनेनंतर ठरवलं की सीटबेल्टची खूण लागली की जेवणपण थांबवायचं, आधी फक्त गरम पेय थांबवायचे. कोरियन एअरनं ऑगस्ट २०२४ पासनं इकॉनॉमीत उकळत्या पाण्याचे नूडल्सच बंद केले, भाजतंय म्हणून. अमेरिकेतल्या साउथवेस्टनं डिसेंबर २०२४ पासनं उतरताना दहा हजारऐवजी अठरा हजार फुटांवरच क्रूनं सगळं आवरून बसायचं असं केलं, कारण उतरतानाच जास्त लागतं हे आकड्यांतनं दिसलं होतं. म्हणजे तुमचा चहा पुढच्या वेळी आणखी लवकर बंद होणार आहे. थर्मास घेऊन जा, मी टोमणा मारत नाहीये, खरंच न्या, सिक्युरिटीतनं रिकामा जातो, आत गेल्यावर भरून घ्यायचा.

खरं सांगू का, क्रूला लागण्यामागं हवा जितकी कारण आहे तितकंच हे बेलचं बटणपण आहे. कॅप्टननं खूण लावली तरी केबिनमधनं "अहो एक पाणी द्या फक्त" चालूच असतं, वर कंपनी प्रवाशांच्या अभिप्रायावर क्रूला मार्क देते, मग पोरगी विचार करते एवढं पाणी देऊन बसते. त्या एका पाण्यात घोटा जातो. माझ्याबरोबरच्या एकीचा गेलाय, स्क्रू बसवलेत, तिला अजून पावसाळ्यात दुखतं.

ताई, मी स्वतः क्रू आहे म्हणून गाव लिहीत नाही. तीन महिन्यांपूर्वी मागच्या गॅलीत होते, एकदम खाली गेलो, माझं डोकं वर आपटलं आणि पाठीवर पडले. तेव्हा काही वाटलं नाही, लँडिंगनंतर पुढची फ्लाइट पण केली. आता मान आणि कंबर धरते. रिपोर्ट लिहिला नव्हता. आत्ता सांगितलं तर अनफिट करतील आणि फ्लाइंगचे पैसे बंद होतील. काय करू?

बाळा, सगळ्यात आधी डॉक्टर. कंपनीचा नंतर, आधी एखादा चांगला हाडांचा डॉक्टर गाठ, आणि त्याला "पडले" एवढंच सांगू नको, डोकं वर आपटलं आणि मग पाठीवर पडले असं क्रमानं सांग, कारण वरनं दाब आणि खालनं दाब असं दोन्ही झालंय. हातापायाला मुंग्या, बधिरपणा, लघवीवर ताबा न राहणं यातलं काही असेल तर हे वाचत बसू नको, आजच जा.

मागच्या गॅलीतल्यांना जास्त लागतं हे तुझ्या नशिबाचं नाही. गगनबावडा घाटात एसटीच्या मागच्या सीटवर बसलेल्याला विचार, ड्रायव्हरला जे वळण वाटतं ते त्याला उडी वाटते. विमानाचं शेपूट पण तसंच हालतं. त्यात पुढं कॅप्टनला हलकं वाटत असतं म्हणून तो खूण उशिरा लावतो, आणि मागं तुम्ही आधीच भिंत धरून उभ्या. म्हणून इंटरकॉमवरनं "कॅप्टन, मागं जास्त हालतंय, आम्ही बसतोय" हे सांगायची सवय लाव, परवानगी मागायची नाही, कळवायचं.

रिपोर्टचं. तीन महिने झाले तरी लिही. तारीख, फ्लाइट, सेक्टर म्हणजे कुठनं कुठं, तू नेमकी कुठं उभी होतीस, खूण लागलेली होती का नव्हती, कुणी बघितलं, त्यानंतर केलेली फ्लाइट, कधीपासनं दुखायला लागलं. उशीर का झाला तेही खरं खरं लिही, तेव्हा दुखत नव्हतं हे लपवण्यासारखं काही नाही, ताणलेले स्नायू आणि मणक्याचा मार कित्येकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोलायला लागतो, त्या वेळी अंगात भीतीचा जोर असतो. कंपनीला ईमेलनं पाठव आणि प्रत स्वतःच्या खासगी ईमेलवर ठेव. तोंडी सुपरवायझरला सांगितलं म्हणजे सांगितलं असं समजू नको, मी आमच्यावेळी कितीतरी जणींचं "तोंडी" हवेत गेलेलं बघितलंय.

एक गोष्ट माहीत असू दे. तपासाच्या नियमात गंभीर दुखापत कशाला म्हणायचं हे ठरलेलं आहे, मुख्यतः सात दिवसांच्या आत दवाखान्यात दाखल होऊन ४८ तासांपेक्षा जास्त राहावं लागलं तर, किंवा हाड मोडलं तर, आणि त्यातही हाताची बोटं, पायाची बोटं, नाक साधं मोडलेलं धरत नाहीत. म्हणजे तुझ्यासारखी मान धरलेली, कंबर गेलेली, घरी पडून राहिलेली पोरगी त्या मोठ्या आकड्यात येतच नाही. वर काकूंना जो आकडा सांगितला त्याच्या खाली अशा किती असतील, विचार कर. म्हणून तुझा कागद महत्त्वाचा, तो नसेल तर त्या दिवशी त्या गॅलीत काही घडलंच नाही असं होतं.

पैशाचं. प्रवाशाला लागलं तर त्याच्यासाठी विमान वाहतुकीचा वेगळा कायदा आहे, आंतरराष्ट्रीय करार आहे. तू प्रवासी नाहीस, तुला तो लागू नाही, तुझं नातं नोकरीच्या कायद्याशी. १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा होता त्यात विमानातला क्रू असा स्पष्ट उल्लेख होता आणि काम करताना झालेली इजा त्यात बसायची, त्याच तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये आल्यात, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासनं लागू झाली. दाव्याला दोन वर्षांची मुदत धरून चाल, तीन महिने गेलेत म्हणजे सगळं गेलं असं नाही. शिवाय कंपनीचा ग्रुप विमा असतो, अपघात विमा वेगळा असतो, ऑफर लेटरच्या मागची पानं काढ आणि वाच. कामगार कायदे बघणाऱ्या वकिलाला एकदा कागद दाखव.

आणि अनफिटची भीती. तात्पुरतं अनफिट म्हणजे नोकरी गेली असं नसतं, महिन्या-दोन महिन्यांचा फ्लाइंग अलाउन्स जाईल आणि तो मोठा असतो, घराचा हप्ता असेल तर जीव वरखाली होणार, मला कळतं. पण दुखत्या कमरेनं इमर्जन्सी दरवाजा उघडायची वेळ आली तर? आणि तीच कंबर पस्तिशीत कायमची गेली तर फ्लाइंगच संपलं. घरच्यांना सांग. आईला सांगायचं नसेल तर बहिणीला सांग, पण एकटी राहू नको.

उजळाईवाडीहून हैदराबादला जाणारं पंख्याचं विमान लई हालतंय. छोटं आहे म्हणून धोका जास्त का? – शाहूपुरी

धोका जास्त नाही, हालणं जास्त. तुमचं ते पंख्याचं विमान, एटीआर, मोठ्या जेटपेक्षा खालनं उडतं, ढग आणि उन्हानं तापून वर येणारी हवा तिथंच असते. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर आपल्याकडं वळीव कसा उठतो तुम्हाला काय सांगायचं, सकाळची फ्लाइट मिळाली तर ती घ्या. विमानाच्या पंखाजवळची सीट कमी हालते. त्या विमानात क्रू दोनच असतात, एक पडली तर राहिली एकच, त्यामुळं त्या दोघी बसल्या असतील तर उठवू नका.

नात दीड वर्षाची आहे, मांडीवरच बसणार. हादरा आला तर घट्ट धरलं की बास ना? – आजोबा, कसबा बावडा

आजोबा, नाही. हलक्या हादऱ्यात चालतं, पण जोराच्या हादऱ्यात दहा किलोचं बाळ हातात राहत नाही, पैलवान असला तरी. क्रू तुमच्या बेल्टला जोडायचा बाळाचा छोटा बेल्ट देतात तो मागून घ्या, लाजू नका. तुमचा आणि बाळाचा एकच बेल्ट दोघांवरनं लावायचा नाही, तुमचं वजन तिच्यावर येतं. परवडत असेल तर तिला वेगळी सीट आणि विमानात चालणारी कार सीट, ते सगळ्यात बरं, आधी एअरलाइनला विचारून घ्या कुठली चालते.

टॉयलेटमध्ये असताना हालायला लागलं तर? (हसू नका) – नाव गाव नको

हसत नाहीये, बरेच प्रवासी तिथंच नाहीतर तिथनं येताना पडतात. झाकण लावून त्यावर बसा, भिंतीची मूठ धरा, थांबल्यावर बाहेर या. धावत सीटकडं यायचं नाही. बाहेरची जंपसीटवरची (क्रूच्या घडीच्या सीटवरची) क्रू "आत थांबा" म्हणून ओरडली तर तिचं ऐका, ती उद्धट नाहीये, तिला उठता येत नाहीये.

चहा अंगावर सांडून भाजलं तर बर्फ लावायचा का? विमानात टूथपेस्ट चालेल का? – गंगावेस

दोन्ही नको. साधं पिण्याचं पाणी, थंडसं, सावकाश ओतत राहायचं, वीस मिनिटं म्हणतात ती खरंच वीस मिनिटं. बाटल्या मागा, क्रू देतील. अंगठी, घड्याळ, बांगड्या लगेच काढा, सूज आली की निघत नाहीत. चिकटलेला कपडा ओढायचा नाही. मग स्वच्छ कोरड्या कापडानं सैल झाकायचं. क्रूच्या हातांवर असे जुने डाग बघाल तर विचारू नका, बहुतेक सगळ्यांचे असतात.

ताई मी मुलगा आहे, बारावी झालीय, केबिन क्रूच्या इंटरव्ह्यूला चाललोय. टर्ब्युलन्स आला तर काय कराल असा प्रश्न विचारतात असं ऐकलंय. सगळे सांगतात "सर्वात आधी प्रवाशांना बसवू" असं म्हण. बरोबर का? – कागल

सगळे चुकीचं सांगतात. ऐकायला भारी वाटतं, पण मुलाखत घ्यायला बसलेला माणूस जर खरा क्रू असेल तर मनात काट मारेल.

हलका असेल तर गरम पेय बंद, ट्रॉली ताब्यात, चालताना सीटच्या कडा धरत प्रवाशांचे बेल्ट डोळ्यानं बघायचे. मध्यम असेल, म्हणजे धरल्याशिवाय उभं राहता येत नाही, तर ट्रॉली परत गॅलीत न्यायची आणि बसायचं, बेल्ट बघायचे ते येता येता जेवढे दिसतील तेवढेच. अचानक जोराचा असेल तर आहे तिथं, आत्ता, खाली बसायचं, ट्रॉलीला ब्रेक मारून. जंपसीटपर्यंत जायचा प्रयत्न करायचा नाही, पळत जाणारेच पडतात. आणि थांबल्यावर लगेच उठायचं नाही, कॅप्टन किंवा सीनियर सांगेपर्यंत, कारण पहिल्यामागनं दुसरा येतो. मग उठून आधी स्वतःला लागलंय का बघायचं, मग सहकाऱ्याला, मग केबिनमधनं फिरायचं, रक्त दिसतंय तिथं नाही तर जो गप्प पडलाय तिथं आधी जायचं.

एवढं सांग. ते विचारतील, "म्हणजे तू आधी स्वतः बसणार?" तेव्हा घाबरून उत्तर फिरवू नको. "हो सर, मी पडलो तर पन्नास सीटमागचा एक माणूस कमी होतो" म्हण, नजर वर ठेवून. पाठ करून जाऊ नको पण, पाठ केलेलं लगेच कळतं. आणि बूट घाल रे बाबा नीट, मागच्या वेळी आमच्या क्लासमधला एक सँडल घालून गेला होता.